मामांच्या मंगल कार्यालयाची वेबसाईट फोनवर नीट कशी दिसेल?

रानजाई

एरंडवण्यात माझ्या मामांचं मंगल कार्यालय आहे. लग्न, मुंज, डोहाळजेवण, साठीशांत, सगळं होतं. त्याची वेबसाईट दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिली, ती अजून तशीच चालू आहे. ऑफिसातल्या संगणकावर ठीक दिसते. फोनवर मात्र अख्खं पान आकसून येतं, आणि वाचायचं तर चिमटीने मोठं करत डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

आता चौकशी करणारे बहुतेक जण फोनवरूनच बघतात. लक्ष्मी रोडला बस्ता बांधता बांधता कुणीतरी "हॉल किती माणसांचा आहे बघ गं" म्हणतं आणि पाच मिनिटांत मामांना फोन येतो, "तुमच्या साईटवर काही दिसतच नाही हो."

मी व्यवसायाने सीए. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याची सजावट) कामापुरतं कळतं. सध्याची अवस्था अशी: सगळं पान ९६० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत ठोकून बसवलंय. डावीकडे मेनू, मध्ये मजकूर, उजवीकडे सरकत्या सूचना. दरपत्रक सात रकान्यांच्या तक्त्यात. संपर्काचा नंबर म्हणजे चक्क एक चित्र आहे, त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. आणि दोन-तीन पानांवरचा मराठी मजकूर फोनवर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला होऊन येतो.

पैसे खर्च करायला मामा तयार आहेत. पण 'रिस्पॉन्सिव्ह (म्हणजे पडद्याप्रमाणे मांडणी जुळवून घेणारी) करून देतो' म्हणणाऱ्यांच्या कोटेशनांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आधी नक्की काय बिघडलंय ते समजून घ्यायचंय.

तिरपागडा

साईट हवीच कशाला? गूगल मॅपवर फोटो टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक पाठवा, विषय संपला. पुण्यात कार्यालय जेवणावर ठरतं.

रानजाई

@तिरपागडा, जेवणाबद्दल दुमत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा पाठवलेलं दरपत्रक कायमचं फिरत राहतं. एक गृहस्थ जुन्या दरांचा फोटो घेऊन आले आणि "हे तुम्हीच पाठवलंय" म्हणून अडून बसले. पाठवलं मामांनीच होतं, त्यामुळे बोलताही येईना. साईटवर दर एका जागी बदलला की काम झालं.

हिंजवडीची_बस

(बसमधून मराठी कीबोर्डावर टंकतोय, कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे वाचून घ्या.)

आधी पान आकसतं का ते सांगतो. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता, आणि त्या काळच्या साईट हजारेक पिक्सेलचा पडदा गृहीत धरून केलेल्या असायच्या. अ‍ॅपलने तोडगा काढला. फोनवरच्या सफारीने, म्हणजे अ‍ॅपलच्या ब्राउझरने, पानाला सांगायचं, "माझी रुंदी ९८० आहे." पान बिचारं त्या रुंदीत मांडलं जातं, मग सगळंच्या सगळं आकसून ३२० मध्ये बसवलं जातं. बाकीच्या मोबाइल ब्राउझरांनीही पुढे हीच पद्धत उचलली. तुमची साईट अजून त्या तडजोडीवर चालली आहे.

ती नको असेल तर पानाने तसं सांगावं लागतं. कोडच्या सुरुवातीच्या भागात, हेडमध्ये, 'व्ह्यूपोर्ट' नावाचा मेटा टॅग घालायचा, त्यात विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल १. एवढी एक ओळ आजच घाला. घातल्यावर साईट आणखी वाईट दिसेल, घाबरू नका. अक्षरं वाचता येतील, पण ९६० ची चौकट पडद्याबाहेर जाईल. आधी बिघाड झाकलेला होता, आता उघड्यावर आला, म्हणजे दुरुस्त करता येईल.

इथे पिक्सेल म्हणजे फोनच्या खोक्यावर छापलेले पिक्सेल नव्हेत. सीएसएसचा पिक्सेल हे मोजमाप आहे, त्यात पडद्याचे दोन-तीन खरे ठिपके मावतात. त्यामुळे १०८० ठिपक्यांचा अँड्रॉइड फोन ब्राउझरच्या लेखी साधारण ३६० ते ४१२ रुंद असतो. "माझा फोन फुल एचडी आहे, तरी साईट मोबाइलसारखी का दिसते?" हा प्रश्न ऑफिसात अजून कुणी ना कुणी विचारतंच.

'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव वेब-डिझायनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या वेब-नियतकालिकातल्या लेखात दिलं. त्यांनी तीन गोष्टींची सांगड घातली. रकान्यांची रुंदी पिक्सेलऐवजी प्रमाणात द्यायची, चित्रं आपल्या चौकटीबाहेर जाऊ द्यायची नाहीत, आणि मीडिया क्वेरी वापरायच्या, म्हणजे 'पडदा अमुक रुंदीहून मोठा असेल तरच हे नियम लावा' अशी अट घालायची. सुट्या सुट्या या तिन्ही गोष्टी आधीपासून होत्या.

आता कामाचं. एचटीएमएल मुळात एकाखाली एकच मांडलं जातं. काहीही सजावट न केलेलं पान फोनवर बऱ्यापैकी ठीक दिसतं, ते बिघडवतो आपण. तेव्हा सुरुवात खोडण्यापासून करा. विड्थ ९६० खोडा, डाव्या-उजव्या रकान्यांचे फ्लोट (त्यांना कडेला बसवणारे नियम) खोडा, पक्क्या उंच्या खोडा. जे उरेल ती तुमची फोनची मांडणी. मग रुंद पडद्यासाठी एकेक गोष्ट चढवत न्या. 'मोबाइल फर्स्ट' म्हणतात ते हेच, डिझायनर ल्यूक व्रोब्लेव्स्की २००९ पासून सांगत आलेत. कोटेशन देणाऱ्यांपैकी जो 'आहे त्या साईटला मोबाइलचं सीएसएस वरून जोडतो' म्हणेल, त्याचं सर्वांत स्वस्त असेल. तो टाळा.

टपरीवरचा_चहा

दादा, ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायच्या रुंद्या, कोणत्या धरायच्या? आम्हाला सरांनी ४८०, ७६८, १०२४ पाठ करायला सांगितलेत.

हिंजवडीची_बस

परीक्षेत तेच लिही, मार्क सोडू नकोस. ७६८ आणि १०२४ ही २०१० च्या पहिल्या आयपॅडची उभी-आडवी मापं. त्यानंतर इतके आकार आले की यादी धरून काम करणाऱ्याची दमछाकच होते.

कामावर असं कर. ब्राउझरची खिडकी अगदी अरुंद कर आणि हळूहळू रुंद करत जा. जिथे ओळ फार लांब होऊन डोळा चुकायला लागेल, किंवा दोन फोटोंच्या मध्ये उगाच पोकळी दिसेल, तिथे ब्रेकपॉइंट. तो ६१० ला आला तर ६१०. फोनच्या मॉडेलशी त्याचा संबंध नाही, मजकूर कुठे मोडतो एवढंच बघायचं.

आणि पुष्कळ ठिकाणी तोही लागत नाही. कार्यालयाच्या फोटोंची जाळी करायची तर सीएसएस ग्रिडमध्ये रकाने 'रिपीट' करताना ऑटो-फिट आणि मिनमॅक्स वापर. किमान १६ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकाराइतकं माप), कमाल १ एफआर (मोकळ्या जागेचा एक वाटा). जागा असेल तितके फोटो शेजारी बसतील, नसेल तर खाली उतरतील. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही ग्रिड आलं, त्यामुळे 'जुन्या ब्राउझरचं काय' ही भीती आता बाळगू नकोस.

कढीपत्ता

+१. फक्त ते १६ रेम थेट लिहू नकोस. 'मिन' फंक्शनमध्ये १०० टक्के आणि १६ रेम असं दे, नाहीतर अगदी अरुंद जागेत फोटो चौकटीबाहेर डोकावतो.

कंटेनर क्वेरीही बघून ठेव. मीडिया क्वेरी अख्ख्या पडद्याची रुंदी विचारते, कंटेनर क्वेरी ज्या खोक्यात तुकडा बसलाय त्याची. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिन्ही मोठ्या ब्राउझरांत आली. पण एका कार्यालयाच्या साईटला तिची गरज पडेलसं वाटत नाही.

तिरपागडा

इतका खटाटोप करण्यापेक्षा मोबाइलची वेगळीच साईट काढा की. पूर्वी सगळ्यांची असायची, पत्त्याच्या आधी 'एम डॉट'.

कढीपत्ता

असायची, आणि निस्तरता निस्तरता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. वर रानजाईने दरांची तक्रार सांगितली आहे तीच घ्या. दोन साईट म्हणजे दर दोन ठिकाणी बदलायचे. एक राहिला की भांडण ठरलेलं.

शिवाय दुवा पाठवला की वांधे. भाची पुण्यातून फोनवरचा दुवा पाठवते, आत्या लॅपटॉपवर उघडते, तिला अर्ध्याच गोष्टी असलेलं पान ताणून दिसतं. आणि गूगल आता पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच प्रामुख्याने वाचतो. त्यांनी हे धोरण २०१६ मध्ये जाहीर केलं. त्याआधी २१ एप्रिल २०१५ पासून फोनवर नीट न दिसणारी पानं फोनवरच्या शोधात मागे टाकायला सुरुवात झालीच होती. मोबाइलच्या साईटवर कमी माहिती ठेवलीत, तर तेवढीच माहिती तुमची.

मात्राबिंदू

मी वीसेक वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या, आता वेबचं काम करते. मराठी मजकुराबद्दल बोलते, कारण रिस्पॉन्सिव्हचे धडे इंग्रजी अक्षरं समोर ठेवून लिहिलेले असतात आणि आपले लोक ते जसेच्या तसे लावतात.

तो रोमन काला आधी निस्तरा, बाकी सगळं नंतर. तुमची ती पानं युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीच्या) आधीच्या फाँटात आहेत. त्या पद्धतीत फाइलमध्ये रोमन अक्षराचा संकेत साठवलेला असे आणि फाँट त्या जागी 'क'चं चित्र दाखवी. ऑफिसातल्या संगणकावर तो फाँट आहे म्हणून मराठी दिसतं. फोनवर तो नाही, म्हणून आतलं खरं रूप बाहेर येतं. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर डोळ्यांनी मुद्रितं तपासा. रफार, ऋकार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. 'कार्यालय'मधला रफारच भलत्या अक्षरावर बसला तर मामांना चालणार नाही.

मग ओळींमधलं अंतर. रोमनला १.४ पुरतं, आपल्याला नाही. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. १.६ च्या खाली जाऊ नका, मी १.७ धरते. बटणांना आणि मेनूच्या पट्टीला पक्की उंची कधी देऊ नका, पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) द्या. पक्क्या उंचीत 'आरक्षणासंबंधी'मधला अनुस्वार कापला गेलेला मी किती ठिकाणी पाहिला आहे.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. अक्षरं सुटी केली की शिरोरेषा तुटते. इंग्रजी थीममध्ये मथळ्यांना हे अंतर आधीच दिलेलं असतं, शोधून काढा.

आपले शब्द लांब. 'सत्यनारायणपूजेसाठीच्या' हा एक शब्द मोठ्या मथळ्यात ३२० च्या पडद्यावर मावणार नाही आणि अख्खं पान आडवं हलायला लागेल. ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड ठेवा, पण ती शेवटची ढाल. त्याआधी मथळा लहान करा, 'क्लॅम्प'ने किमान आणि कमाल आकार बांधून द्या. शब्दही बदलता येतो की! 'सत्यनारायणासाठी' लिहिलं तर काही बिघडत नाही.

फाँट एकच घ्या, दोनच जाड्या. देवनागरी फाँटात जोडाक्षरांच्या आकृत्या शेकड्यांनी असतात, त्यामुळे फाइल रोमनपेक्षा जड असते. वूफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर फाइल-प्रकारात द्या आणि फाँट-डिस्प्ले स्वॅप ठेवा, म्हणजे फाँट उतरेपर्यंत फोनचा मूळ फाँट दिसतो. पण ठळक अक्षरं हवी असतील तर ठळक जाडी खरोखर जोडा. नाहीतर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवतो आणि लहान पडद्यावर 'क्ष', 'ज्ञ' यांची पोटं बुजतात.

एचटीएमएल टॅगला लँग 'एमआर' द्यायला विसरू नका. काही देवनागरी फाँटांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दडलेले असतात, ते भाषा सांगितल्यावरच बाहेर येतात. शिवाय दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते त्यावरूनच कळतं.

हिंजवडीची_बस

मी रोज हे काम करतो आणि लेटर-स्पेसिंगचा मुद्दा कधी डोक्यात आला नव्हता. आमच्याकडे मराठी पान म्हणजे इंग्रजी पानात भाषांतर ओतायचं.

मात्राबिंदू

दिसतं ते.

नळस्टॉप

मी बँकेतून निवृत्त. तंत्रज्ञान कळत नाही, वापरणाऱ्याचं म्हणणं मांडतो. माझ्या फोनवर अक्षरं मोठ्यात मोठ्या आकाराला लावलेली असतात. तरीही काही साईटवर ती लहानच राहतात, आणि चिमटीने मोठं करू गेलं तर पान जागचं हलत नाही. हे मुद्दाम करतात का? आणि फिकट करड्या रंगात लिहायची फॅशन कुणी काढली? मेट्रोतून उतरून दुपारच्या उन्हात उभं राहिलं की पडदा कोरा दिसतो.

कढीपत्ता

काका, मुद्दामच करतात, पण त्यामागे एक कारण आहे. आयफोनवर फॉर्मच्या खोक्यात बोट ठेवलं आणि त्यातली अक्षरं १६ पिक्सेलहून लहान असली, की सफारी आपण होऊन पान मोठं करतो. डिझायनरला ते विचित्र दिसतं. मग तो व्ह्यूपोर्टच्या ओळीत मॅक्झिमम-स्केल १ आणि युझर-स्केलेबल नो लिहून मोठं करणंच बंद करून टाकतो. खरा उपाय खोक्यातली अक्षरं १६ करणं एवढाच असतो. आयफोनवर २०१६ च्या आयओएस १० पासून सफारी ही बंदी जुमानत नाही. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात 'फोर्स एनेबल झूम' आहे, ते चालू करून बघा.

अक्षरं लहानच राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आकार पडद्याच्या रुंदीच्या टक्क्यांत, व्हीडब्ल्यू मध्ये, दिलेला असतो. पडद्याची रुंदी बदलत नाही, म्हणून अक्षरंही हलत नाहीत. रेम मध्ये दिला की वापरणाऱ्याचं ऐकलं जातं.

@रानजाई, वेबवरच्या सुलभतेची डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०१८ च्या २.१ आवृत्तीत नियम आहे की ३२० पिक्सेल रुंदीत आडवं न सरकवता मजकूर वाचता आला पाहिजे. हा आकडा फक्त लहान फोनसाठी नाही. १२८० च्या संगणकावर कुणी पान ४०० टक्के मोठं केलं तर बरोबर ३२० च उरतात. म्हणजे फोनसाठी केलेली मांडणीच कमी दिसणाऱ्या माणसाला मोठ्या पडद्यावर मिळते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा विरोध किमान ४.५ ला १ हवा, काकांची उन्हातली अडचण त्याने बरीच कमी होईल. बोटाने दाबायच्या जागा २०२३ च्या २.२ आवृत्तीप्रमाणे निदान २४ पिक्सेल, पण तुम्ही अ‍ॅपलचं ४४ किंवा गूगलचं ४८ धरा. तुमचे गिऱ्हाईक म्हणजे वरमाई आणि आजोबा.

रानजाई

काका, हे फार उपयोगाचं झालं, मामांना वाचून दाखवते. त्यांचाही चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो.

तक्त्याचं काय करू? रकाने असे: हॉल, क्षमता, अर्धा दिवस, पूर्ण दिवस, खोल्या, अनामत, वीज. ओळी चार. फोनवर सात रकाने मावत नाहीत.

हिंजवडीची_बस

प्रत्येक ओळीचं कार्ड करा. वर हॉलचं नाव, खाली 'क्षमता', 'अर्धा दिवस' असं एकाखाली एक. टीडीला, म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक चौकोनाला, डिस्प्ले ब्लॉक द्यायचं आणि रकान्याचं नाव डेटा अ‍ॅट्रिब्यूटमधून आधी छापायचं. सगळेच करतात.

कढीपत्ता

मी करत नाही. माणूस दरपत्रक उघडतो तो तुलना करायला. लहान हॉल पूर्ण दिवस की मोठा हॉल अर्धा दिवस? कार्ड केली की एक आकडा लक्षात ठेवून खाली सरकायचं, दुसरा बघायचा, परत वर यायचं. वर डिस्प्ले बदलला की काही ब्राउझरांत तक्त्याचं तक्तेपण जातं आणि वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला रकाने कळेनासे होतात.

तक्त्याभोवती एक डिव्ह, म्हणजे साधं खोकं, त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो. तक्ता आपल्या चौकटीत सरकेल, पान हलणार नाही. हॉलच्या नावाचा पहिला रकाना पोझिशन स्टिकीने डावीकडे रोवून ठेवा. मी सांगितलेल्या ३२० च्या नियमातून तक्त्यांना सूट आहे, तीही याचसाठी.

हिंजवडीची_बस

पण आडवं सरकतं हे कळणार कसं लोकांना? आमच्याकडे लोक वापरताना बघितलंय, चौथ्या रकान्याच्या पुढे कुणी जात नाही. अनामत रक्कम दिसलीच नाही म्हणून पुन्हा मामांनाच फोन.

कढीपत्ता

रकाना बरोबर कडेवर संपला तर नाहीच कळत. अर्धा कापलेला दिसेल अशी रुंदी ठेवायची आणि कडेला फिकी सावली द्यायची.

मात्राबिंदू

तुम्ही दोघं तंत्रावर भांडताय. पत्रिकेत मजकूर मावेना की आम्ही आधी यजमानांना विचारायचो, 'यातलं काय काढू?' खोल्या आणि वीज चारही ओळींत सारखीच असेल तर ते रकाने हवेतच कशाला? खाली एका ओळीत लिहा.

रानजाई

आत्ता बघितलं. वीज चारही हॉलना मीटरप्रमाणे. अनामत चौघांना एकच. खोल्या दोनच हॉलना आहेत.

म्हणजे चार रकाने उरले!

कढीपत्ता

चार मावतात. आकडे उजवीकडे टेकवा आणि हजारांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्या.

टपरीवरचा_चहा

फोटोंसाठी मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो एवढं पुरे ना?

हिंजवडीची_बस

दिसायला पुरे, उतरायला नाही. कॅमेऱ्यातला ४००० पिक्सेलचा फोटो ३६० च्या जागेत आकसून दाखवला तरी डेटा पूर्ण फोटोचाच जातो. एकाच फोटोच्या तीन-चार रुंदीच्या आवृत्त्या कर, एसआरसी-सेटमध्ये त्यांची यादी दे आणि साइझेसमध्ये फोटो किती जागा घेणार ते सांग. कोणती आवृत्ती मागवायची ते ब्राउझर पडदा आणि ठिपके बघून ठरवतो. आयएमजी टॅगमध्ये विड्थ-हाइट लिहायची जुनी सवय परत लाव. त्यावरून ब्राउझर जागा राखून ठेवतो, नाहीतर फोटो उतरल्यावर मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. पहिल्या पडद्याखालच्या फोटोंना लोडिंग लेझी, म्हणजे ते जवळ आल्यावरच उतरतात. वरच्या मुख्य फोटोला ते लावू नकोस, तो उगाच उशिरा येतो.

मंडपाचा आडवा फोटो फोनवर नुसता आकसला तर वधूवर ठिपक्याएवढे दिसतात. तिथे 'पिक्चर' टॅग वापरून अरुंद पडद्याला वेगळा कापलेला फोटो द्यायचा.

रानजाई

प्रगती सांगते. युनिकोड झालं (रफार खरंच घसरले होते), ९६० खोडलं, मेनू वर आला, तक्ता मावला. नंबर आता मजकूर आहे आणि बोट ठेवलं की फोन लागतो.

अडलंय ते हे: पान अजूनही फोनवर किंचित आडवं हलतं, पण नक्की कुठून बाहेर जातंय ते सापडत नाही. पहिल्या पडद्यावरचं 'तारीख विचारा' बटण फोनच्या तळाशी अर्धं कापलं जातं. आणि उलट टोकाची तक्रार म्हणजे स्वागतकक्षातल्या मोठ्या पडद्यावर ओळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात.

हिंजवडीची_बस

आडव्या हलण्यावर बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. आत्ता नको. त्याने दुखणं झाकलं जातं आणि स्टिकी घटक बंद पडायची शक्यता असते. संगणकावर क्रोममध्ये एफ-१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम, रुंदी ३२० करा आणि तात्पुरती सगळ्या घटकांना लाल आउटलाइन द्या. बाहेर गेलेला लगेच दिसेल. बहुतेक वेळा १०० टक्क्यांऐवजी १०० व्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, किंवा विड्थ १०० टक्के देऊन वर पॅडिंग दिलेलं असतं आणि बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (पॅडिंग रुंदीतच मोजायचा नियम) नसतं. फ्लेक्समधला (तुकडे शेजारी-शेजारी बसवायच्या मांडणीतला) तुकडा असेल तर त्याला मिन-विड्थ ० द्या. तो आपल्या मजकुराहून अरुंद व्हायला मुळातच तयार नसतो.

कापलेलं बटण म्हणजे १०० व्हीएच, पडद्याच्या उंचीचे शंभर टक्के. फोनवर पत्त्याची पट्टी येते-जाते, आणि व्हीएच ती नाही असं समजून उंची मोजतो. त्याच्या जागी एसव्हीएच लिहा, तो पट्टी आहे असं धरतो. खरं तर त्या भागाला पक्की उंचीच देऊ नका.

एवढं झालं की खऱ्या फोनवर बघा. खिडकी अरुंद करून कीबोर्ड वर आल्यावर फॉर्मचं काय होतं ते कळत नाही.

मात्राबिंदू

मोठ्या पडद्यासाठी मजकुराच्या रकान्याला मॅक्स-विड्थ ३५ एमच्या (एम म्हणजे अक्षराच्या आकाराइतकं माप) आसपास द्या. इंग्रजी धड्यांत '६० सीएच' सापडेल. सीएच हे माप रोमन शून्याच्या रुंदीवरून काढतात, आपल्या अक्षरांशी त्याचा मेळ बसत नाही. उरलेल्या जागेचं काय करू, असं विचारू नका. मोकळी सोडा.

रानजाई

फूटरमध्ये ४०० पिक्सेल रुंदीचा नकाशा होता, तोच बाहेर जात होता. बटण आणि मोठा पडदा दोन्ही जमलं.

मामांची एकच मागणी उरली आहे: 'शुभकार्यासाठी संपर्क साधा' ही सरकती पट्टी परत हवी. पूर्वी होती म्हणे, लोक वाचायचे.

नळस्टॉप

मी तरी कधी वाचली नाही. माझं वाचून होईपर्यंत ती निघून जाते.

कढीपत्ता

त्याऐवजी फोनवर तळाला चिकटलेली पट्टी द्या, त्यावर 'फोन करा' आणि 'व्हॉट्सअ‍ॅप' अशी दोन मोठी बटणं. मामांना सांगा की ही सरकत नाही, पण कायम दिसते. पानाच्या तळाला तेवढंच पॅडिंग ठेवा, नाहीतर पत्ता तिच्याखाली झाकला जाईल.

तिरपागडा

म्हणजे शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच ना?

रानजाई

हो, पण दरपत्रकाचा फोटो नाही पाठवणार, पानाचा दुवा पाठवणार. :) पट्टी केली. अमेरिकेतल्या एका मावसबहिणीने उघडून बघितलं, दिसतं छान म्हणाली, पण नंबर दाबल्यावर फोन लागला नाही.

हिंजवडीची_बस

लिंकमधल्या नंबराला आधी अधिकचं चिन्ह आणि ९१ लावा. दिसणाऱ्या नंबरात नसलं तरी चालेल.